पहिला एमआरआय झाल्यावर दुसरा कशासाठी?



घरातील लहान मुलाच्या मेंदूत गाठ आहे, हे शब्द कानावर पडताच सारे घर हादरून जाते. आईवडिलांची धावपळ सुरू होते. आजी-आजोबा मात्र पुष्कळदा घरी किंवा रुग्णालयाच्या बाकावर बसून एकेका शब्दाचा अर्थ लावीत राहतात. त्यांच्याकडून वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा : गावाकडे एमआरआय झाला, त्यात गाठ स्पष्ट दिसली, मग मोठ्या रुग्णालयातील डॉक्टर पुन्हा एमआरआय का सांगतात? कागदावर डिफ्यूजन, परफ्यूजन, स्पेक्ट्रोस्कोपी असे अनोळखी शब्द लिहिलेले असतात. पुन्हा तेच यंत्र, पुन्हा भूल, पुन्हा खर्च. आणि एवढे करूनही गाठीचा तुकडा काढून तपासावा लागेलच, असे सांगितले जाते. मग या नव्या तपासण्यांचा उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कुटुंबातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण अशा प्रसंगी घरातील तरुण मंडळी निर्णय घेताना अनेकदा आपल्याच तोंडाकडे पाहतात. म्हणून या लेखांकात लहान मुलांच्या मेंदूतील गाठींच्या निदानात प्रगत एमआरआयचे स्थान काय, तो काय सांगू शकतो, काय सांगू शकत नाही आणि त्यात घरच्यांचा वाटा कोणता, हे क्रमाने पाहू.

पहिली शंका घरातच येते

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाच्या खालोखाल मेंदूच्या गाठींचा क्रम लागतो. तरीही एकंदर बालकांच्या संख्येच्या मानाने हा आजार विरळाच. मुलाचे डोके दुखले की गाठच असेल, असे मुळीच नाही; बहुतेक डोकेदुखी साध्या कारणांची असते. परंतु काही लक्षणांची जोडी मात्र दुर्लक्षू नये.

मुलांमधील अनेक गाठी डोक्याच्या मागील भागात, लहान मेंदूच्या परिसरात होतात. याच भागातून मेंदूतील द्रवाचा वाहण्याचा मार्ग जातो. गाठ वाढली की हा मार्ग अडतो, द्रव साचतो आणि कवटीच्या आत दाब वाढतो. रात्रभर आडवे झोपल्याने हा दाब पहाटे अधिक असतो. म्हणूनच सकाळी उठताच डोके दुखणे, उलटी होणे आणि उलटीनंतर बरे वाटून मूल शाळेत जाणे, असा क्रम दिसतो. आपल्याकडे याला चटकन पित्त म्हणतात. कोणी जंत म्हणते, कोणी चष्मा लागला असेल म्हणते, कोणी दृष्ट काढते. एखाद्या दिवशी असे झाले तर काळजीचे कारण नाही. पण उलट्या दोन आठवड्यांहून अधिक काळ पुनःपुन्हा होत असतील किंवा डोकेदुखी चार आठवड्यांहून अधिक काळ हटत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवणे टाळू नये. त्यांच्या जोडीला पुढीलपैकी काही दिसल्यास तर इतकीही वाट पाहू नये : चालताना तोल जाणे, चांगले चालणारे मूल पुन्हा अडखळू लागणे, डोळे तिरळे होणे वा एकाच्या जागी दोन दिसणे, मान सतत एका बाजूला कलती ठेवणे, झटके येणे, हसतेखेळते मूल मलूल आणि चिडचिडे होणे. तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर भराभर वाढणे हीदेखील अशीच खूण आहे. किशोरवयात वयात येण्याची प्रक्रिया लांबणे किंवा थांबणे, हेही कधी कधी मेंदूतील गाठीमुळे घडते.

मूल एकाएकी गुंगीत जाऊ लागले, झटका आला किंवा चालणे झपाट्याने बिघडले, तर वेळ ठरवून दवाखान्यात जाण्याची वाट पाहू नये. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे.

ब्रिटनमध्ये २०११ मध्ये हेडस्मार्ट नावाची लोकजागृतीची मोहीम सुरू झाली. त्यापूर्वी तेथे पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सर्वसाधारणपणे तीन महिन्यांहून अधिक काळ जात असे. पालक आणि डॉक्टर या दोघांनाही लक्षणांची माहिती सोप्या शब्दांत दिल्यानंतर हा काळ सात आठवड्यांच्या आत आला. मोहिमेचा सारा भर लक्षणे वेळीच ओळखण्यावर होता. यंत्र कितीही प्रगत असले, तरी मूल त्याच्यापर्यंत पोहोचवणारी नजर घरातच असावी लागते. आणि दिवसभर नातवंडांजवळ असणाऱ्या आजी-आजोबांची नजर त्यात मोलाची ठरते.

साधा एमआरआय काय दाखवतो

आपल्या शरीरात पाणी विपुल आहे आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. एमआरआयच्या यंत्रात एक प्रबळ चुंबक असतो. नेहमीच्या वापरातील दीड टेस्लाच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असते. या क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रे एका विशिष्ट रीतीने रांगेत येतात. मग रेडिओलहरींचा हलका धक्का दिला जातो आणि पूर्वस्थितीत परतताना ती जो संकेत देतात, त्यावरून संगणक चित्र रचतो. या पद्धतीच्या विकासासाठी पॉल लाउटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यात क्ष-किरण नसतात. म्हणून मुलाला पुनःपुन्हा एमआरआय करावा लागला, तरी किरणोत्साराची भीती बाळगण्याचे कारण नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र क्ष-किरण वापरतात. तरीही अत्यवस्थ मुलाचा आधी सीटी काढतात, कारण तो काही मिनिटांतच होतो आणि डोक्यात पाणी साचले आहे का, रक्तस्राव झाला आहे का, हे लगेच कळते.

साधा एमआरआय गाठीची जागा, आकार, तिच्या कडा, आत पाण्याची पोकळी आहे का, आजूबाजूला सूज किती आहे, हे उत्तम दाखवतो. थोडक्यात, गाठ कुठे आहे आणि केवढी आहे, याचे उत्तर तो देतो. ती कोणत्या जातीची आहे, याचे उत्तर मात्र पुष्कळदा अर्धवटच राहते. लहान मेंदूच्या भागात मुलांना प्रामुख्याने तीन प्रकारच्या गाठी होतात. पिलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ही संथ वाढणारी गाठ. ती पूर्ण काढता आली, तर बहुधा आणखी उपचार लागत नाहीत. मेड्युलोब्लास्टोमा ही वेगाने वाढणारी गाठ. मेंदूतील द्रवाबरोबर तिच्या पेशी पाठीच्या कण्यापर्यंत पसरू शकतात. तिसरी एपेंडिमोमा, तिच्यात शस्त्रक्रियेने गाठ किती निघाली, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. तिन्ही एकाच परिसरात होतात, तिन्हींची सुरुवातीची लक्षणे सारखी, पण पुढचा प्रवास अगदी निराळा. प्रगत एमआरआयचे काम येथून सुरू होते.

पेशी किती दाट आहेत?

यातील पहिली पद्धत डिफ्यूजन, म्हणजे विसरणाचे मापन. शरीरातील पाण्याचे रेणू क्षणभरही स्थिर नसतात. ते सतत इकडेतिकडे फिरत असतात. मोकळ्या मैदानात माणूस हवे तसे चालू शकतो, पण आषाढीच्या दिवशी पंढरपुरात त्याला पावलापावलावर थांबावे लागते. पाण्याच्या रेणूंचेही तसेच. जेथे पेशी विरळ, तेथे ते मोकळेपणी फिरतात. जेथे पेशी खच्चून भरलेल्या, तेथे त्यांची हालचाल अडते. यंत्र ही हालचाल मोजते आणि तिचा एक आकडा काढते. अहवालात तो एडीसी या नावाने येतो.

मेड्युलोब्लास्टोमामध्ये पेशी दाटीवाटीने असतात, म्हणून हा आकडा कमी येतो. पिलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमामध्ये पेशी विरळ, म्हणून तो जास्त येतो. एपेंडिमोमा सहसा या दोहोंच्या मध्ये बसतो. काही मिनिटांत होणारी, शिरेतून कोणतेही औषध न देता करता येणारी ही तपासणी असल्याने आज मुलांच्या मेंदूच्या गाठींत ती जवळजवळ नेहमीच केली जाते. बाहेरगावच्या एमआरआयमध्ये ती झालेली असेल, तर पुन्हा करण्याची गरज कधी कधी पडतही नाही. म्हणून जुन्या तपासणीच्या फिल्मबरोबर तिची सीडीही जपून न्यावी. फिल्मवर निवडक चित्रे असतात. सीडीमध्ये सर्व असतात.

झाकण न काढता वास घेणे

दुसरी पद्धत स्पेक्ट्रोस्कोपी. हिच्यात यंत्र चित्र काढीत नाही. गाठीच्या एका लहानशा भागात कोणती रसायने किती आहेत, याचा आलेख काढते. हायड्रोजन सर्वत्र एकच, पण तो ज्या रेणूत बसलेला असतो त्याप्रमाणे त्याच्या संकेतात किंचित फरक पडतो. त्या फरकावरून निरनिराळी रसायने ओळखता येतात. आपण गृहिणी असाल तर हे चटकन ध्यानात येईल. पातेल्यावर झाकण असले, तरी आत आमटी उकळते आहे की खीर, हे वासावरून कळते. तसेच काहीसे येथे घडते.

निरोगी मेंदूच्या आलेखात एनएए या रसायनाचे शिखर सर्वांत उंच असते, कारण ते चेतापेशींत असते. गाठीने चेतापेशींची जागा घेतली की हे शिखर खाली येते. पेशींची आवरणे भराभर तयार होत असली, म्हणजे वाढ जोरात असली, की कोलीनचे शिखर वर जाते. याखेरीज गाठींच्या प्रकारानुसार काही खास खुणा सापडतात. मेड्युलोब्लास्टोमामध्ये टॉरिन नावाचे रसायन वाढलेले आढळते. एपेंडिमोमामध्ये मायोइनोसिटॉल अधिक असते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि तेथील बालरुग्णालयातील प्राध्यापक अँड्र्यू पीट यांच्या गटाने मुलांच्या गाठींतील अशा रासायनिक खुणांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. गाठ विरळ, त्यामुळे एका रुग्णालयात पुरेशी मुले मिळत नाहीत. म्हणून अनेक केंद्रांतील तपासण्या एकत्र करून संगणकाच्या साहाय्याने त्यांची तुलना करावी लागते. त्यातून आलेला निष्कर्ष वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे : साधी चित्रे, विसरणाचा आकडा आणि रसायनांचा आलेख ही तिन्ही एकत्र वाचली, तर नुसत्या चित्रांपेक्षा निदान अधिक अचूक होते. एकट्या तपासणीवर विसंबण्यात तेवढा अर्थ नाही.

स्पेक्ट्रोस्कोपीला मर्यादाही आहेत. गाठ फार लहान असली, तिच्यात रक्तस्राव झाला असला, ती हाडाला वा हवेच्या पोकळीला लागून असली किंवा मुलाने मान हलवली, तर आलेख अस्पष्ट येतो. आणखी एक गोष्ट अतिशय महत्त्वाची. मोठ्या माणसांच्या गाठींचे ठोकताळे मुलांना लावता येत नाहीत. प्रौढांमध्ये काही खुणा आक्रमक गाठीच्या समजल्या जातात. मुलांमधील संथ पिलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमामध्येही लॅक्टेट आणि वाढलेले कोलीन अशा खुणा दिसू शकतात. ही गाठ शिरेतून दिलेले औषध घेऊन एमआरआयमध्ये ठळक चमकतेही. प्रौढांचा अनुभव असलेल्याला ते चित्र भीतिदायक वाटेल, पण मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ पुष्कळदा सौम्य असतो. म्हणून मुलांच्या मेंदूचा एमआरआय शक्यतो बालरुग्णांचा अनुभव असलेल्या रेडिऑलॉजिस्टनेच वाचावा.

रक्तपुरवठा आणि वाटा

तिसरी पद्धत परफ्यूजन, म्हणजे गाठीला होणाऱ्या रक्तपुरवठ्याचे मापन. जोमाने वाढणाऱ्या पिकाला पाटाचे पाणी अधिक लागते, तसेच जोमाने वाढणारी गाठ नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. ही तपासणी दोन प्रकारे होते. एका प्रकारात शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात. त्याआधी मूत्रपिंडाचे कार्य ठीक आहे ना, हे विचारले वा तपासले जाते. दुसऱ्या प्रकारात औषध लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तावरच चुंबकीय खूण उमटवून ते कोठे किती पोहोचते, हे पाहिले जाते. लहान मुलांच्या बारीक शिरांचा विचार करता हा प्रकार विशेष सोयीचा ठरतो.

परफ्यूजनचा उपयोग उपचारानंतरही होतो. किरणोपचार संपल्यावर काही महिन्यांत एमआरआयमध्ये गाठ मोठी झाल्यासारखी दिसू शकते. प्रत्यक्षात ती कधी कधी उपचाराची प्रतिक्रिया असते आणि पुढे आपोआप ओसरते. खरी वाढ आणि भासमान वाढ यांतील फरक ओळखण्यास रक्तपुरवठ्याचे मापन साहाय्य करते. तरीही अनेकदा काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करणे हाच खात्रीचा मार्ग असतो. अशा वेळी वाट पाहा, असे डॉक्टरांनी सांगितले, तर ती हयगय नसते.

चौथी पद्धत शल्यविशारदाच्या उपयोगाची. मेंदूतील चेतातंतूंच्या जुड्या कोठून कशा गेल्या आहेत, याचा नकाशा विसरणाच्याच तत्त्वावर काढता येतो. मूल समजून साथ देण्याच्या वयाचे असेल, तर त्याला बोटे हलवण्यास किंवा शब्द मनात म्हणण्यास सांगून मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो, हेही टिपता येते. गाठ हातापायांच्या हालचालीच्या वा बोलण्याच्या केंद्राजवळ असेल, तर कोणत्या बाजूने आत जावे, कोठे थांबावे, हे त्यावरून ठरवता येते.

मग तुकडा का तपासायचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वासावरून खीर आहे हे कळले, तरी तिच्यात साखर किती, हे चाखल्याशिवाय कळत नाही. गाठीचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात मेंदूच्या अनेक गाठींचे नाव ठरवण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालील रूपाबरोबर पेशींतील जनुकीय बदलही पाहावे लागतात. मेड्युलोब्लास्टोमाचेच जनुकीय दृष्ट्या चार मुख्य गट आहेत. त्यांतील डब्ल्यूएनटी या गटाची मुले उपचाराला सामान्यतः उत्तम प्रतिसाद देतात; इतर काही गटांत उपचार अधिक कठोर ठेवावे लागतात. हा भेद आजघडीला खात्रीने तुकडा तपासूनच कळतो.

तर मग आधीच्या तपासण्या वाया गेल्या का? नाही. शस्त्रक्रिया कशी करावयाची, हे त्यांवरून ठरते. गाठ एपेंडिमोमा असण्याची दाट शक्यता असेल, तर ती अधिकाधिक काढण्याचा प्रयत्न होतो. मेड्युलोब्लास्टोमा वाटत असेल, तर मेंदूच्या देठाला चिकटलेला लहानसा अंश काढण्यासाठी मुलाच्या गिळण्याचालण्याची शक्ती पणाला लावण्याची गरज नसते, कारण पुढे किरणोपचार आणि औषधोपचार असतात. शिवाय अशा मुलाच्या पाठीच्या कण्याचा एमआरआय शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वीच केला जातो. दुखणे डोक्यात आणि तपासणी पाठीची, याचे आश्चर्य वाटू देऊ नये.

काही मुलांच्या बाबतीत तर तुकडा न काढताच उपचार ठरतात. न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आनुवंशिक विकार असलेल्या मुलांच्या दृष्टिमज्जेवरील गाठी एमआरआयवरच ओळखल्या जातात आणि तेथे बायोप्सी सहसा टाळतात. मेंदूच्या मध्यभागी होणाऱ्या काही गाठी रक्तातील आणि मेंदूतील द्रवातील विशिष्ट द्रव्यांवरून ओळखता येतात. मेंदूच्या देठात पसरणारी डीआयपीजी ही गाठ वर्षानुवर्षे केवळ एमआरआयच्या आधारे निश्चित केली जात असे, कारण ती काढून टाकता येत नाही. अलीकडे काही केंद्रांत तिचाही सूक्ष्म तुकडा घेऊन जनुकीय तपासणी करतात. या गाठीवरील उपचार आजही अत्यंत अवघड आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तेथेही नेमके निदान झाल्याने मूल आणि कुटुंब यांना निष्फळ शस्त्रक्रियेच्या यातनांपासून वाचवता येते.

तपासणीच्या दिवशी आपले काम

एमआरआय वेदनारहित असतो, पण अर्धा ते एक तास निश्चल पडून राहावे लागते आणि यंत्राचा आवाज मोठा असतो. साधारण सहा वर्षांखालील मुलांना त्यामुळे अनेकदा भूल द्यावी लागते. तपासण्या वाढल्या की वेळ वाढतो, हेही भुलेचे एक कारण. येथे आजी-आजोबांना एक कळकळीची विनंती. भुलेपूर्वी मुलाला उपाशी ठेवण्याचा जो वेळ सांगितला असेल, तो काटेकोर पाळा. घन आहार आणि दूध यांसाठी तो सामान्यतः सहा तासांचा असतो, अंगावरच्या दुधासाठी आणि पाण्यासाठी त्याहून कमी. आपल्या रुग्णालयाने सांगितलेला वेळच प्रमाण मानावा. लेकरू भुकेने रडते आहे म्हणून हळूच दिलेले एक बिस्कीट भुलेत उलटीवाटे फुप्फुसात जाऊन जिवावर बेतू शकते. चुकून काही खाल्ले असेल, तर भूलतज्ज्ञांना न लपवता सांगावे. तपासणी पुढे ढकलली गेली, तरी चालेल.

तान्ह्या बाळांसाठी अनेक ठिकाणी भूल टाळण्याची युक्ती वापरतात : बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानांना संरक्षण देऊन झोपवतात आणि झोपेतच तपासणी उरकतात. बाळाला दुपट्यात बांधण्याचा आजीचा हातखंडा येथे उपयोगी पडतो. थोड्या मोठ्या मुलांना आधी दोन-चार दिवस घरी सराव देता येतो. पुतळा होऊन पडून राहण्याचा खेळ खेळावा. यंत्र टकटक, घरघर करील, पण ते हात लावणार नाही, हे सांगावे. इंजेक्शन अजिबात नाही, असे खोटे आश्वासन मात्र देऊ नये. एकदा विश्वास उडाला की पुढची प्रत्येक तपासणी अवघड होते.

चुंबकाजवळ धातू जाऊ नये, हा नियम सर्वांना लागू आहे. मुलाचे वाळे, करगोट्यातील मणी, ताईत, कानातले, केसांतल्या पिना घरीच काढून ठेवाव्यात. मुलाच्या शरीरात शंट, श्रवणयंत्राचे रोपण किंवा अन्य उपकरण असेल, तर त्याचा कागद दाखवावा. काही शंटच्या झडपा चुंबकामुळे बदलू शकतात आणि तपासणीनंतर पुन्हा जुळवाव्या लागतात. आता आपल्याविषयी. आपल्या छातीत पेसमेकर असेल, कानात रोपण असेल, मेंदूतील रक्तवाहिनीवर जुनी क्लिप असेल किंवा शरीरात धातूचा कोणताही तुकडा असेल, तर नातवंडाचा हात धरून आत जाण्याचा आग्रह धरू नये. आधी तंत्रज्ञांना सांगावे. श्रवणयंत्र, कवळी, काठी, किल्ल्या, पदराची सेफ्टी पिन बाहेरच राहू द्यावी. मुलाजवळ दुसऱ्या कोणी थांबले, तरी आपण दाराबाहेर आहोत, हे त्याला माहीत असणे पुरेसे असते.

यंत्र दीड टेस्लाचे की तीन टेस्लाचे, यावरून शहरभर फिरण्याचीही गरज नसते. तीन टेस्लाच्या यंत्रात स्पेक्ट्रोस्कोपीसारख्या तपासण्या अधिक स्पष्ट होऊ शकतात. पण दीड टेस्लाचे यंत्र, मुलांची सवय असलेले तंत्रज्ञ आणि योग्य पद्धतींची निवड यांतूनही चांगले निदान होते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे : या तपासणीतून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे आणि त्या उत्तराने उपचारात काय बदल होईल? हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. समाधानकारक उत्तर मिळाले, की खर्चाचे आणि भुलेचे प्रयोजन आपोआप पटते.

अहवाल हाती आल्यावर

अहवालात अनेक शक्यता लिहिलेल्या असतात. त्यांतील सर्वांत भयंकर शब्द शोधून तो घरभर फिरवू नये. मोबाईलवर छायाचित्र काढून ओळखीच्या दहा जणांना पाठवल्याने दहा मते मिळतात आणि गोंधळ वाढतो. दुसरे मत घ्यावयाचे असेल, तर सीडीसह, लक्षणांच्या तारखांसह, बालकर्करोगाचा अनुभव असलेल्या एका केंद्रात घ्यावे. मोठ्या केंद्रांत शल्यविशारद, रेडिऑलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि बालकर्करोगतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात. तुकड्याचा आणि जनुकीय तपासणीचा अहवाल येण्यास दिवस, कधी आठवडे लागतात. हा काळ घराला सर्वांत जड जातो.

खर्चाबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. नंतर कागद जमवण्यात वेळ जातो. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बालरुग्णांच्या कुटुंबांना साहाय्य करणारी समाजसेवकांची व्यवस्था आहे. बाहेरगावच्या मुलांना उपचाराच्या काळात विनामूल्य निवारा देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून काम करीत आहे. तिच्याकडे जाण्याचा मार्गही रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातूनच मिळतो.

शेवटी एक गोष्ट वडीलधाऱ्यांनी ठामपणे बोलावी, अशी आहे. मुलाला गाठ झाली, की गरोदरपणात सुनेचे काही चुकले का, लस टोचली म्हणून झाले का, पडले तेव्हा लक्ष दिले नाही म्हणून झाले का, अशी कुजबुज सुरू होते. मुलांच्या मेंदूच्या बहुसंख्य गाठींना असे कोणतेही कारण सापडत नाही. थोड्या मुलांतच आनुवंशिक विकार आढळतो आणि तोही कोणाचा दोष नसतो. आधीच खचलेल्या आईला घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने जवळ बसवून, यात तुझी काही चूक नाही, एवढे सांगितले, तर तिला पुढील महिन्यांसाठी बळ मिळते. उरलेल्या भावंडांचे डबे, शाळा, झोप सांभाळणे हेही तितकेच मोलाचे. आणि एखाद्या नातवंडाला सकाळी वरचेवर उलटी होते आहे, चालताना ते भिंतीचा आधार घेते आहे, असे आपल्या नजरेस आले असेल, तर पित्ताचे औषध बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात त्याला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.